खजूरकाकू

केळ्यांवर काळे डाग पडले, की घराघरांत त्यागाची भावना जागी होते. ‘तू खा’, ‘नको, तूच घे, मी सकाळीच खाल्लं’ असं दोन दिवस चालतं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या दिवशी ती केळी सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जातात. खजूरकाकू दार उघडतात, फणी हातात तोलतात, एखादं केळं बोटाने दाबून बघतात आणि म्हणतात, “वा! आत्ता कुठे कामाची झाली.”

काकूंचं पाळण्यातलं नाव दुसरं आहे. हे दुसरं बारसं मुलांनी केलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “साखरकाकू म्हणत नाहीत ना, मग झालं,” एवढंच म्हणाल्या. साखरेशी त्यांचं वैर जुनं आहे. कुणी वाढदिवसाचा केक घेऊन दारात आलं, की “औक्षवंत हो” आणि “केवढी ती साखर!” ही दोन वाक्यं एकाच श्वासात बाहेर पडतात. फ्रिजवर एक कात्रण आहे, कोपरे पिवळे पडलेलं. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, ते त्यात आहे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम सहा चमचे. लिफ्टमध्ये काकू भेटल्या, तर तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत हे कात्रण तोंडी ऐकायला मिळतं. मध किंवा गूळ पुढे करून सुटका होत नाही. “मध म्हणजे साखरच हो, चांगल्या घरातली!”

कोपऱ्यावरचा केळीवाला पूर्वी त्यांना डागाळलेली केळी जवळजवळ फुकट द्यायचा. एकदा उत्साहाच्या भरात काकूंनी त्याला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. केळं पिकत जातं तशी त्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून डाग जितके जास्त तितकं केळं गोड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून डागाळलेली केळी डझनामागे दहा रुपयांनी महाग झाली.

शनिवारी दुपारी चार वाजता काकूंच्या स्वयंपाकघरात कुकीज होतात आणि त्या मुलंच करतात. दारात हात तपासले जातात, कोपरापर्यंत. कामं वयाप्रमाणे. बालवाडीवाल्यांनी परातीत केळी कुस्करायची. या कामात डोकं लागत नाही आणि आनंद मात्र अमाप. दुसरी-तिसरीवाल्यांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या खजुराच्या बिया काढायच्या. चौथीच्या पुढच्यांनी कणीक, नाचणीचं पीठ आणि तूप वाटीने मोजायचं, वेलची कुटायची, जायफळ किसायचं. “जायफळ जरासं सढळ हाताने. नाकाला गोड वाटलं की जीभ गप्प बसते.” ओव्हनला हात फक्त काकूंचा.

बियांच्या खात्यावर काकूंचं विशेष लक्ष असतं, कारण भ्रष्टाचार तिथेच होतो. त्या एका वाटीतल्या बिया मोजतात, मग दुसऱ्या वाटीतले खजूर.

“बिया चाळीस. खजूर सत्तावीस. बाकीचे कुठे गेले?”

सगळे छताकडे बघतात. एकाचा गाल फुगलेला असतो.

“असू दे,” काकू म्हणतात, “खजूरच खाल्ला ना? चॉकलेट तर नाही!” आणि डब्यातून तेरा खजूर आणखी काढतात. हे तेरा जास्तीचे खजूर त्या आधीच भिजवून ठेवतात, हे मुलांना ठाऊक आहे.

काकूंचं लाडकं वाक्य म्हणजे “मुलांना कळतही नाही!” नाचणी घातलेली कळत नाही, साखर नसलेली कळत नाही, बिया काढता काढता वजाबाकी शिकवलेली कळत नाही. हे वाक्य त्या मुलांच्या देखतच म्हणतात. मुलं मान खाली घालून केळी कुस्करत राहतात. समजूतदार आहेत.

एकदा मात्र ए विंगमधल्या दोन वेण्यांच्या मुलीने थेट विचारलं, “काकू, साखर नाही म्हणता, पण खजुरात काय असतं?”

“खजुरात खजूर असतो.”

“आमच्या घरच्या पाकिटावर लिहिलंय. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमच्या वर साखर.”

परातीतली केळीसुद्धा क्षणभर थांबली. काकूंनी पदराला हात पुसले. “असते ना! पण ती एकटी येत नाही, चोथा बरोबर घेऊन येते. म्हणून पोटात सावकाश उतरते. आणि मला सांग, पाच-सहा खजूर खाल्ले की तुझं पोट भरतं की नाही? सरबताने कधी भरलंय?” मुलीने विचार केला, पटल्यासारखी मान हलवली आणि दुसरा प्रश्न काढला. “मग तुम्ही चहात दोन चमचे साखर का घालता?”

“चहा म्हणजे काय कुकी आहे?” काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

खरी गंमत त्या नानकटाईबद्दल बोलायला लागल्या की होते. त्यांच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेत आणि भट्टीत नानकटाई भाजून आणत. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. आपला पत्रा दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ नये म्हणून धाकट्या मुलीला तिथे बाकावर बसवून ठेवत. ती धाकटी म्हणजे काकू. “तडकलेल्या नानकटाया डब्यात भरण्याजोग्या नसतात म्हणून त्या मी तिथेच खायचे,” असं सांगताना त्यांचा आवाज बदलतो. तूप आणि पिठीसाखर एकत्र फेसताना कशी पांढरीशुभ्र होत जाते, हे हातवारे करून दाखवतात. मग फ्रिजवरचं कात्रण नजरेला पडतं. “अर्थात तेव्हा आम्ही दिवसभर उन्हात हुंदडायचो,” असं म्हणून त्या जायफळाकडे वळतात.

भाजण्याच्या बाबतीत काकूंच्या कोशात ‘करपलं’ आणि ‘कच्चं’ हे शब्द नाहीत. करपलेलं ते ‘खरपूस’, आत गिच्च राहिलेलं ते ‘मऊसूत’. फळांतल्या साखरा लवकर तांबूस होतात, त्यामुळे १८० अंशांवर वरून खरपूस आणि आतून मऊसूत असा दुहेरी योग बरेच दिवस जुळून येत होता. आता काकू १६० वर ठेवतात आणि काचेसमोर स्टूल टाकून बसतात. कुरकुरीतपणा मात्र येत नाही. तो साखरेचा गुण. आणि केळ्याचा ओलावा असल्यामुळे पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशीची भीती. “म्हणूनच ताज्या खायच्या,” काकू म्हणतात, आणि कुकी पुढे करतात. वसईची मैत्रीण येताना सुकेळी घेऊन येते, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. सुकेळीचे तुकडे पिठात पडले, की त्या शनिवारी उपस्थिती वाढते.

काका चवीवर कधीच बोलत नाहीत. “रंग सुरेख आलाय,” असं म्हणून ते कुकी हातात धरून बाल्कनीत जातात. कबुतरं त्यांना ओळखतात. आठवड्यातून एकदा काकांना कॅम्पात ‘जरा काम’ निघतं. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून कयानी बेकरी आहे, आणि काकांच्या स्कूटरच्या डिकीत श्रूजबेरी बिस्किटांचं खोकं असतं. या दोन गोष्टींचा संबंध खाली खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. काकांकडून एकेक बिस्कीट घेऊन तीच मुलं चार वाजता काकूंकडे हात धुऊन हजर होतात. दोन्हीकडची गुपितं सांभाळण्यात ती आता पटाईत झाली आहेत.

मग ती येतात कशाला? माझ्या मते त्याचं उत्तर साखर नसण्यातच आहे. साखरेची कुकी ओव्हनमध्ये गेली की साखर विरघळते, पीठ पसरतं आणि तुम्ही काहीही केलेलं असो, बाहेर एक गोल चकती येते. काकूंचं केळी-खजुराचं पीठ पसरतच नाही. जे वळाल तेच बाहेर येतं. डायनोसॉर आत गेला, की डायनोसॉरच बाहेर येतो, शेपटी थोडी खरपूस. बिस्कीट म्हणून जो दोष, तोच मुलांना हवा असतो. ट्रे बाहेर आला की “ती माझी!”, “तिला हात लावू नको!” असा गलका होतो. आणि स्वतःच्या हाताने केलेल्या डायनोसॉरला ‘गोड कमी आहे’ असं कोण म्हणेल? चाटूनपुसून खातात.

गेल्या भाद्रपदात बी विंगमधल्या पहिलीतल्या एकाने गणपती केला. सोंड, मोठं पोट, मनुकांचे डोळे, कान जरा हत्तीपेक्षाही मोठे. भाजूनही तो तसाच्या तसा बाहेर आला. सगळे खूश. मग प्रश्न आला. बाप्पाला खायचं कसं? तो मुलगा रडकुंडीला आला. दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “चॉकलेटच्या गणपतीचं दुधात विसर्जन करतात आणि ते दूध सगळ्यांना प्रसाद म्हणून देतात.” लगेच पातेल्यात दूध आलं. काकांनी बाल्कनीतून येऊन घंटा वाजवली. “मोरया!” झालं. पण नाचणीचा बाप्पा विरघळेना. पोटापर्यंत दुधात बसून तो निवांत बघत राहिला. पहिलीतल्याने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“काकू, दूध फिक्कं आहे. साखर घालू?”

स्वयंपाकघरात शांतता पसरली. काकूंनी फ्रिजवरच्या कात्रणाकडे पाहिलं, बाप्पाकडे पाहिलं, आणि चहाचा डबा असतो त्या फळीकडे हात केला.

“घाल दोन चमचे. नैवेद्याला हात आखडता घेऊ नये.”