साशिलोखा

जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या घरात मंत्र सुरू झाला. मागच्या खोलीतून, पांघरुणात तोंड असल्यासारखा दबका आवाज: "साशिलोखा, रारा, प्रसुपा, विसिजि. साशिलोखा, रारा, प्रसुपा, विसिजि." आई काकड्याच्या वेळेला उठणारी. तिने दाराशी थांबून ऐकलं आणि तिथूनच हात जोडले. बारावीतल्या नातीला देव आठवला याचा तिला एवढा आनंद झाला, की त्या दिवशी पोह्यांवर खोबरं मूठभर जास्त पडलं.

शेवटी तिला राहवेना. "कुठल्या देवाचं गं हे? दत्ताचं का?"

"युनेस्कोचं," लेक म्हणाली.

साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी. रायगड, राजगड. प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. जुलै २०२५ मध्ये हे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आणि तेव्हापासून परीक्षा देणाऱ्या पोरांच्या डोक्यावर त्यांचा भार पडला. लेकीने त्यांची पहिली अक्षरं उचलून चार घासांत बसवली होती. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खिडकीतून वर बघून विचारलं, "आणि आपला नाही होय त्यात?"

आपला म्हणजे अजिंक्यतारा. साताऱ्यात कुठल्याही खिडकीतून बघितलं तरी तोच दिसतो.

"नाही, आजी."

आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी पोह्यांवरचं खोबरं बेताचंच होतं.

लेकीला वकील व्हायचंय. बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉला जायचं तर सीईटी द्यावी लागते, आणि त्या सीईटीत कायद्याच्या जोडीला सामान्य ज्ञान असतं. चार पर्याय, एक बरोबर, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्यामुळे येत नसलेल्या प्रश्नालाही काहीतरी ठोकून यायचं असतं. ज्या पुस्तकातून हे सगळं शिकायचं त्यालाही पोरं ठोकळाच म्हणतात. उशाला घेण्याइतका जाड, कागद वर्तमानपत्राच्या जवळचा, आणि आमच्या प्रतीत हायलायटर इतका फिरलेला की न रंगवलेली ओळच महत्त्वाची वाटावी. देशातले डोंगर, नद्या, लेणी, मनोरे, तळी, सगळे त्यात एकेका ओळीत उभे. सर्वांत उंच. सर्वांत लांब. सर्वांत मोठे. मधल्या उंचीच्या डोंगरांना ठोकळ्यात प्रवेश नाही.

रात्री जेवणं झाली की ठोकळा मांडीवर घेऊन प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी ते हौसेने घेतलं. शाळेत असताना मी प्रश्नमंजूषेत जिल्ह्यापर्यंत गेलो होतो, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना माझ्याकडूनच अनेकदा कळलेली आहे. पहिल्याच रात्री मी पुस्तक न उघडता, नुसत्या आठवणीवर प्रश्न टाकला. "भारतातला सर्वांत लांब रेल्वे फलाट?"

"हुबळी. १५०७ मीटर."

"चूक. खरगपूर."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आपण जुन्या पाचशेच्या नोटेकडे बघतो. माझ्या अगदी लहानपणी हा मान बिहारमधल्या सोनपूरचा होता. मग खरगपूरचा झाला. मी नोकरीला लागलो, संसार केला, आणि तेवढ्यात २०१३ मध्ये गोरखपूरने तो खरगपूरकडून काढून घेतला आणि २०२३ मध्ये हुबळीने गोरखपूरकडून. मला कुणी कळवलंच नाही. पुलांचंही तेच. मी वांद्रे-वरळी सागरी सेतूवर थांबलो होतो, साडेपाच किलोमीटरवर. देश तिथून आसामला जाऊन नऊ किलोमीटरचा पूल बांधून परत मुंबईत आला होता आणि २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा शेवापर्यंत २१.८ किलोमीटर पोचला होता. "बाबा, तुम्ही विचारू नका," लेक म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवा." जिल्ह्यापर्यंत गेलेल्या माणसाला हे लागतं.

धबधब्यांनी मात्र तिचाही घोटाळा केला. एका पानावर सर्वांत उंच धबधबा जोग, शरावतीवरचा, २५३ मीटर. पुढे नऊ-दहा पानांनी कर्नाटकातलाच कुंचिकल, ४५५ मीटर. क्लासच्या नोट्समध्ये मेघालयातला नोहकालिकाई, ३४०. तिघांनाही आपापलं कारण आहे. कुंचिकल पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, नोहकालिकाई एका उडीत पडतो, आणि जोग नुसत्या जुन्या पुण्याईवर यादीत टिकून आहे. पण पर्यायांच्या गोळ्यात कारण भरता येत नाही. त्यात आमचे शेजारी कुंपणावरून डोकावले. कासच्या पलीकडचा भांबवलीचा वजराई तीन टप्प्यांत १८४० फूट पडतो, म्हणजे देशातला पहिला तोच, आणि ज्या पुस्तकात तो नाही ते पुस्तक सातारकराने घरात ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. लेकीने वहीत लिहिलं: "धबधबा – प्रश्न कुणी काढला त्यावर अवलंबून." ही मुलगी वकिलीत चालेल असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

फेब्रुवारीत तिला क्लासमध्ये कुणीतरी एक युक्ती सांगितली. संध्याकाळी माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाली, "रिव्हिजनला ८८० रुपये लागतील."

मी नोटा काढून दिल्या. तिने त्या उलट्या करून टेबलावर ओळीने मांडल्या. दहाच्या मागे कोणार्कचं चाक. विसाच्या मागे वेरूळ. पन्नासच्या मागे हंपीचा दगडी रथ, शंभरच्या मागे रानी की वाव, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप, पाचशेच्या मागे लाल किल्ला. इतकी वर्षं मी हा प्रदेश खिशात घालून हिंडत होतो आणि भाजीवाल्याला देताना एकदाही उलटा करून बघितला नव्हता. आईला ही पद्धत फार पटली. ठोकळ्याची अक्षरं तिला दिसत नाहीत, पण नोट ती बोटांनी ओळखते. तिने शंभराची उचलली.

"ही कुठली विहीर?"

"पाटणची."

"पाटणला? माझं माहेर पाटणचं, मला सांगतेस? एवढी विहीर तिथं कुठून आली?"

आमचं पाटण कोयनेकाठचं, हे पाटण गुजरातचं, सरस्वतीच्या काठचं. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेव गेल्यावर ही वाव बांधली. नदीच्या गाळात ती जवळजवळ सगळी पुरून गेली होती, ती गेल्या शतकात उकरून काढली आणि २०१४ मध्ये तिचाही नंबर वारसा यादीत लागला. लेकीने हे एका दमात सांगितलं. आईने ऐकून घेतलं, नोट परत ओळीत ठेवली आणि म्हणाली, "विहीर बघायची तर लिंबला जावं. बारा मोटेची."

यात ती चूक नव्हती. लिंब साताऱ्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथली विहीर १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. वरून बघितलं तर शिवलिंगाच्या आकाराची, आत महाल आणि भिंतीत कोरलेले वाघ-सिंह. ती कुठल्याच नोटेवर नाही. खाली गेलं की भर उन्हाळ्यात अंगावर गार झुळूक येते आणि आमची लेक चौथीत असताना तिथल्या पायरीवर बसून तिने अख्खं कलिंगड संपवलं होतं, ही माहिती ठोकळ्यात बसत नाही.

हंपीचंही असंच. "हंपी – तुंगभद्रा, विजयनगर, १९८६," हे ती झोपेत सांगते. मी म्हटलं, "आणि तिथल्या टोपलीसारख्या गोल होडीत बसल्यावर कोण रडलं होतं?"

"ते पर्यायांत नाही."

आईचा भूगोल निराळा. तो पायांनी आणि यात्रेच्या बसने शिकलेला. कृष्णेचा उगम कुठे, या प्रश्नाला चार पर्याय कशाला लागतात हेच तिला कळेना. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाच नद्यांचं पाणी एकत्र पडतं आणि ते आपण सगळ्यांनी ओंजळीने प्यायलोय, मग परीक्षा कसली घेतायत. मी पुढचा प्रश्न वाचला, त्या पाचांतली अरबी समुद्राला मिळणारी कोणती. लेक क्षणभर अडली. आई म्हणाली, "सावित्री. ती कोकणात उतरली, बाकीच्यांनी हिचा हात धरला." हिचा म्हणजे कृष्णेचा. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, तिथे आमच्या घरातली दोन पिढ्यांची माणसं पोचवलेली आहेत, तेव्हा त्या नदीबद्दल आईला कुणी शिकवायचं कारण नव्हतं.

गोलघुमटाच्या बाबतीत तर तिने ठोकळ्याला सरळ दुरुस्ती सुचवली. ठोकळा म्हणतो: विजापूर, मुहम्मद आदिलशाहाची कबर, १६५६, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. आम्ही पंढरपूर करून पुढे तिथे गेलो होतो. जिन्याच्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात पोचलो, तर तिथे सहलीच्या पोरांनी असा काही गिल्ला केला होता की आदिलशाहाची झोप मोडावी. शिक्षकांनी शिट्टी मारून त्यांना खाली नेलं आणि अचानक सगळं शांत झालं. आई भिंतीला तोंड लावून अगदी हळू म्हणाली, "पांडुरंग." समोरच्या बाजूला, एवढ्या लांबवर, मी भिंतीला कान लावून उभा होतो. माझ्या कानाशी कुणी बोलल्यासारखा तो शब्द आला. मग तो पुन्हा आला, आणि पुन्हा. किती वेळा ते मला मोजता आलं नाही. आई सांगते सात. "सुलतानाच्या घुमटात पांडुरंग सात वेळा बोलला, हे लिही पेपरात," असा तिचा नातीला सल्ला होता.

एका रात्री मी वाचून दाखवत होतो, ती भराभर उत्तरं देत होती, आणि ओघात प्रश्न आला, "भारताचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक?"

"इंदिरा पॉइंट. ग्रेट निकोबार. पुढे."

मी पुढे गेलो नाही. २००४ च्या डिसेंबरात, त्सुनामीच्या भूकंपात, ते टोक सव्वाचार मीटर खाली बसलं. किनारा पाण्याखाली गेला. तिथली वस्ती गेली. दीपगृह तेवढं राहिलं, पायथा समुद्रात घेऊन. लेकीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, मी मात्र बातम्या बघत रात्रभर जागा होतो. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उत्तर तेच आहे, पण जागा नाही?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. तिने हायलायटर उचलला, मग टोपण लावून बाजूला ठेवला. त्या रात्री पुढचे प्रश्न झाले नाहीत.

परीक्षेच्या आधी आठवडाभर तिची चिडचिड वाढली. ताजमहाल कुणी बांधला एवढं विचारलं तरी भांडायला उठायची. मग संध्याकाळी मी तिला जबरदस्तीने अजिंक्यताऱ्यावर घेऊन जायला लागलो. मंगळाईच्या बाजूला बसून मी तिला १७०० सालचा वेढा सांगितला. औरंगजेब स्वतः खाली छावणी टाकून होता, किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग भरले. एक उडाला तेव्हा प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा उडाला तो उलटा, आणि दगड मोगलांच्याच अंगावर कोसळले. शेवटी किल्ला पडला. बादशहाने त्याला आझमतारा नाव दिलं. तो पुन्हा मराठ्यांकडे आल्यावर ताराबाईंच्या काळात तो अजिंक्यतारा झाला.

तिने सगळं ऐकलं, अगदी मन लावून. मग विचारलं, "हे येतं का परीक्षेला?"

"नाही."

"मग परत सांगा," ती म्हणाली, आणि चपला काढून पाय पसरून बसली. खाली साताऱ्यातले दिवे लागत होते.

परीक्षा झाली. स्थळांवर किती प्रश्न आले, असं मी घरी येईपर्यंत धीर धरून विचारलं. दोनच आले होते आणि दोन्ही तिला येत होते. बारा किल्ल्यांवर एकही नव्हता. तीन महिने पहाटे घोकलेलं सगळं वाया गेलं म्हणून ती जेवताना कुरकुरली, आणि दुसऱ्या दिवशी ठोकळा धाकट्या मावसभावाला देऊन मोकळी झाली. ८८० रुपयेही परत मिळाले, पण ७८०. रानी की वाव मधल्या मध्ये कुठे गेली ते मी विचारलं नाही.

आता ती पुण्याला असते. मागची खोली रिकामी आहे आणि पहाट परत आईच्या एकटीच्या ताब्यात गेलीय. परवा मला लवकर जाग आली. देवघरात समईचा उजेड होता. आई डोळे मिटून बसली होती, माळ फिरत होती. विठ्ठलाचं झालं, दत्ताचं झालं, आणि मग त्याच लयीत, त्याच भक्तीने पुढे सुरू झालं: "साशिलोखा, रारा, प्रसुपा, विसिजि..." जि वर ती थांबली, खिडकीतून वर अंधारात बघितलं, एक मणी पुढे ओढला आणि म्हणाली,

"अ."