पंचेचाळीस घोडे आणि एक भाचा

आमचा भाचा येत्या जूनमध्ये अठरा वर्षांचा होतोय आणि त्याला ड्यूक हवी आहे. साधीसुधी नाही, ३९० ड्यूक. बारावीला न्यूटनचा दुसरा नियम सांगताना ज्याला घाम फुटला, तो या गाडीचा टॉर्क, तिचं वजन, तिचा एक्झॉस्ट हे सगळं तोंडात घास असताना न अडखळता म्हणून दाखवतो. कंपनी ऑस्ट्रियाची, पण गाडी बनते आपल्या चाकणला, म्हणजे "मामा, स्वदेशीच की!" हा त्याचा हुकमी एक्का. घरात दोन तट पडलेत. एका बाजूला माझी बहीण. दुसऱ्या बाजूला भाचा आणि, जरा आडोशाला उभे राहून, मेव्हणे. निवाड्याला मला बोलावलं गेलं, कारण मामाकडे मत असतं आणि पैसे काही त्याला द्यायचे नसतात.

आधी आकडे. २०२३ साली आलेल्या नव्या अवतारात हिचं इंजिन ३९९ सीसीचं, वजन १६८ किलो आणि ताकद पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास. नुसत्या आकड्यांनी कुणालाच काही उमजेना, म्हणून मी मारुती ८०० काढली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ती गाडी सदतीस अश्वशक्तीची होती. त्या सदतीस घोड्यांकडून आमच्या पिढीनं काय काय ओढवून घेतलं! आई, वडील, दोन मुलं, एक आत्या, आत्याच्या मांडीवर फणस, टपावर वळकट्या आणि समोर वरंध घाट. आता त्याहून आठ घोडे जास्त जुंपायचे, ते अठ्ठावन्न किलोच्या एका पोरासाठी, आणि त्याला जायचंय कुठे, तर कोथरूडहून टिळक रोडला. क्लासला.

"गिअर किती म्हणालास?" आईनं विचारलं. माझी आई, म्हणजे त्याची आजी.

"सहा."

"आणि क्लासपर्यंत सिग्नल किती?"

भाचा गप्प. संध्याकाळी सातला कर्वे रोडवर जो कुणी सहावा गिअर टाकून दाखवेल, त्याचा महापालिकेनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा अशा मताची मी आहे, असं बहीण म्हणाली. त्यावर मेव्हणे पुटपुटले की हायवेला लागतो सहावा. क्लास हायवेवर आहे का, हा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

खरी गंमत कायद्यात आहे. आपल्याकडे सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण कशाचं? पन्नास सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं. आता अशी पेट्रोलची नवी गाडी कुठल्याही शोरूममध्ये शोधून दाखवा. म्हणजे सोळा ते अठरा ही दोन वर्षं सरकारनं अशा वाहनासाठी राखून ठेवलीत, जे बघायला आजोबांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली वाकावं लागतं. आणि अठरा पूर्ण झाली की एकदम सगळी दारं सताड. 'मोटरसायकल, गिअरसह' असा एकच शिक्का. आरटीओच्या मैदानावर शेजारच्या काकांची स्प्लेंडर मागून आणायची, पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, काकांना गाडी परत द्यायची आणि त्याच लायसन्सवर हजार सीसीचं धूड घेऊन निघायचं. मध्ये पायरीच नाही.

ड्यूकच्या माहेरी असं नाही. ऑस्ट्रियात, खरं तर जवळजवळ सगळ्या युरोपात, लहान वयात सुरुवात करणाऱ्याला आधी १२५ सीसी आणि पंधरा अश्वशक्तीपर्यंतची मोटरसायकल मिळते. अठराला मधला टप्पा, ३५ किलोवॅटपर्यंत. दोन वर्षं त्यावर काढली की मग हवी ती. वाट बघायची नसेल, तर चोवीस वर्षांचं व्हायचं. ३९० ड्यूक बसते ती या मधल्या टप्प्यात. म्हणजे जिनं तिला जन्म दिला त्या कंपनीच्या देशातही ती शिकलेल्या पोरानं घ्यायची दुसरी गाडी आहे. चाकणहून कोथरूडला येईपर्यंत ती पहिली कशी होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आपल्याकडेही एके काळी टप्पे होते. फक्त ते आरटीओ नव्हे, टंचाई पाळायची. चेतकचं बुकिंग केलं की कित्येक वर्षं नंबर लागत नसे. मुलगा दहावीत असताना वडील पैसे भरायचे आणि स्कूटर दारात यायची तोवर मुलगा नोकरीला लागलेला, क्वचित बाप झालेला असायचा. इतकं वय झाल्यावर माणूस आपोआप साठच्या पुढे जात नाही. मेव्हण्यांचं दुखणं इथलंच. त्यांना कॉलेजात आरएक्स १०० हवी होती. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती आणि तो आवाज. आजही कुठे एखादी जपलेली आरएक्स गेली की ते वाक्य अर्धवट सोडून मान वळवतात. त्यांच्या वडिलांनी 'आधी डिग्री' म्हणून सांगितलं. डिग्री आली तेव्हा लग्न ठरलं, आणि १९९६ मध्ये ती गाडी बंदच झाली. तेव्हा ड्यूक भाच्याला हवी आहे हे अर्धसत्य आहे.

मी शिकलो लुनावर. किनेटिकची लुना, १९७२ सालची कल्पना, पन्नास सीसी, पायडलसकट. पेट्रोल संपलं की सायकल, चढ लागला की अर्धी सायकल. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं, प्लग काळा पडला की काढून पॉलिशपेपरनं घासायचा. शर्टाच्या खिशात पेन असो नसो, जादा प्लग असायचाच, आणि खिशाच्या तळाशी त्याचा काळा गोल उमटलेला असायचा. चांदणी चौकाचा चढ यायच्या किती तरी आधीपासून वेग जमवायला लागायचा. पुढे बैलगाडी असली तर सगळा हिशेब नव्यानं. एसटीला ओव्हरटेक करणं हा तर सहकुटुंब चर्चा करून घ्यायचा निर्णय. एकदा सुरू केलं की मधे एसटीतल्या खिडक्या एकेक करून शेजारून सरकायच्या, प्रवासी आपल्याकडे बघायचे, एखादा ओळखीचा निघाला तर "आई बरी आहे का?" एवढं विचारून व्हायचं, आणि तेवढ्यात समोरून ट्रक दिसला की गुमान मागे यायचं.

हसू येतं, पण त्या मरतुकड्या गाडीनं एक गोष्ट हाडीमाशी भिनवली. समोरचा रिक्षावाला हात न दाखवता वळणार हे त्याच्या मानेवरून ओळखायचं. रस्त्यावर खडी दिसली की पन्नास फूट आधी हात सैल करायचा. गाडीत जोर नसला की डोकं चालवावंच लागतं, दुसरा इलाजच नसतो. जोरदार गाडी उलटं करते. चूक होते, मूठ पिळली की गाडी सटकते आणि चूक मागे राहते. पोराला वाटतं आपल्याला जमतंय. दहादा जमतं. घात होतो तो वेगानं नव्हे, त्या वेगापर्यंत गाडी ज्या झपाट्यानं पोचते त्यानं. पोराचा अंदाज मागच्या सिग्नललाच उभा असतो. हल्लीच्या गाड्यांना एबीएस असतं, १२५ सीसीच्या वर ते सक्तीचंच आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही इतकंच. पुढे कुत्रं आडवं येणार आहे हे ते सांगत नाही.

पुण्यात हे बोलताना एका घटनेला वळसा घालता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोघांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळानं जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि देशभर संतापाची लाट उसळली. त्या आठवड्यात बहिणीनं घरातल्या झाडून सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या. तोवर भाचा 'सोसायटीतल्या सोसायटीत' ॲक्टिव्हा फिरवायचा, आणि त्याच्या सोसायटीची हद्द कधी कधी डेक्कनपर्यंत जायची. मी मेव्हण्यांना २०१९ ची दुरुस्ती वाचून दाखवली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मेव्हण्यांनी स्वतः उठून पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

भाच्याचा शेवटचा मुद्दा मात्र वकिली होता. "मामा, ताकद असली म्हणून वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे?" चकल्यांचा डबा उशाशी घेऊन झोपणारा माणूस हेच म्हणतो. मी त्याला विचारलं, गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी कुठे जाणार? "ताम्हिणी," तो पटकन बोलून गेला, आणि मग जीभ चावली.

शेवटी सगळे शोरूममध्ये गेलो, नुसतं बघायला. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. सेल्समन पंचविशीचा, उत्साही. त्यानं ट्रॅक मोड सांगितला, लाँच कंट्रोल सांगितलं. बहिणीनं लाँच म्हणजे काय ते विचारलं आणि उत्तर ऐकून खुर्ची शोधली. आई मात्र मागच्या चाकापाशी वाकून बसली होती. तिथे, त्या सगळ्या नारिंगी-काळ्या रुबाबाच्या बाजूला, एक साधं साडीगार्ड होतं. आपल्या नियमात मागे बसणाऱ्याच्या संरक्षणाची सोय लागतेच.

"म्हणजे मी बसायचं आहे यावर," आई म्हणाली. "मग पिशवी कुठे अडकवायची? हूक दिसत नाही."

सेल्समन क्षणभर चाचपडला. मग त्यानं टाकीवर बसवायची बॅग दाखवली. वेगळे पैसे पडतील म्हणाला.

"यात मेथीची जुडी उभी राहते का आडवी?"

भाच्यानं कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यातल्या १२५ सीसीच्या गाडीकडे आपणहून वळला. तिची किंमत विचारली, मायलेजसुद्धा विचारलं. बहिणीनं कोटेशन घेतलं, आईनं त्या गाडीचं साडीगार्ड ओढून बघितलं, सेल्समननं फॉर्म भरायला पेन काढलं. आम्ही निघालो तेव्हा लक्षात आलं, एक माणूस कमी आहे. मेव्हणे ३९० वर बसले होते, दोन्ही पाय जमिनीला जेमतेम टेकवून, आणि तोंडानं हळूच आरएक्स १०० चा आवाज काढत होते.