मसल कार घेताना: अस्सल की सुधारलेली?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या अमेरिकी मोटारीत मोठ्या मोटारीचे व्ही-८ इंजिन बसवून तरुणांना परवडेल अशा किमतीत विकलेले वाहन. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून हा प्रकार रुजला. पुढच्या दहाएक वर्षांत विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि पेट्रोलटंचाई यांनी तो संपवला. ही गाडी सरळ रस्त्यावर फार वेगाने जाई. वळणे आणि थांबणे हे विषय अभ्यासक्रमाबाहेर होते. आज ती घेऊ पाहणाऱ्याला आधी पंथ निवडावा लागतो, अस्सलवाद्यांचा किंवा सुधारकांचा.

अस्सलवाद्यांचा मूलमंत्र ‘मॅचिंग नंबर्स’ हा आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेले आकडे गाडीच्या क्रमांकाशी जुळले पाहिजेत. हा पत्रिका जुळवण्याचाच प्रकार. फरक एवढाच की इथे जुने आकडे घासून नवे ठोकणारे कुशल कारागीर उपलब्ध आहेत, त्यामुळे छत्तीस गुण हमखास जुळतात. क्रायस्लरच्या गाड्यांच्या क्रमांकातले पाचवे अक्षर निदान इंजिन तरी सांगते. १९७० च्या प्लिमथ ‘कुडा’वर तिथे ‘आर’ असेल तर आत ४२६ घन इंचांचे ‘हेमी’ इंजिन. १९६९ च्या शेव्हरले कॅमॅरोचा क्रमांक मात्र इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढेच सांगून गप्प बसतो. झेड-२८ या वेगवान आवृत्तीच्या त्या वर्षीच्या कॅमॅरो आज इतक्या भेटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून गाडीपेक्षा कागद श्रेष्ठ. फोर्ड आणि पॉन्टिॲकच्या कारखान्यातल्या नोंदी पैसे भरून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरलेंना ती सोय नाही. तिथे कारखान्याचा मूळ तक्ता शोधावा लागतो. तो सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला असतो. खरेदीदाराने मागच्या सीटखाली हात घालण्याची तयारी ठेवावी. तिथे तक्ता मिळतो किंवा उंदराचे घरटे. पुष्कळदा उंदराने तक्त्याचेच घरटे केलेले असते.

पंथाची पुढची पायरी दोषांच्या जीर्णोद्धाराची. कारखान्यात तपासणीच्या खडूच्या खुणा राहत, रंगाचे ओघळ येत, फवारा नको तिथे उडे. कंटाळलेल्या कामगाराचा तो आळस आज तासाच्या दराने पैसे मोजून हुबेहूब पुन्हा करवून घेतला जातो. योग्य तारीख छापलेल्या स्पार्क प्लगच्या वायरीसुद्धा विकत मिळतात.

यात एक अडचण आहे, ती पंथात उघड बोलत नाहीत. ज्यांनी या गाड्या नव्या घेतल्या, त्यांनी त्या शर्यतीत पळवल्या आणि इंजिने फोडली. आकडे जुळणारी गाडी म्हणजे पुष्कळदा जिचा हेतूप्रमाणे वापर झालाच नाही अशी गाडी. शिवाय बदल करणारा हात मोठा असेल तर बदलही अस्सल ठरतो. पेनसिल्व्हेनियातला विक्रेता डॉन येन्को याने १९६७ मध्ये नव्या कॅमॅरोंची इंजिने काढून ४२७ घन इंचांची बसवली; आज त्या गाडीत मूळचे इंजिन परत घालणे हा गुन्हा मानला जाईल. ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेल्या १९६८ च्या मस्टँगमध्ये चित्रीकरणासाठी फेरफार झाले होते. विटलेल्या रंगासकट ती २०२० मध्ये फ्लोरिडात शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना गेली. रंगाचेही तेच. जांभळा रंग १९७० मध्ये डॉजने दिला असेल तर तो वारसा, नंतरच्या मालकाने दिला असेल तर अभिरुचीचा अभाव.

सुधारकांचे म्हणणे थोडक्यात असे, की गाडी थांबली पाहिजे. ते ड्रम काढून डिस्क ब्रेक लावतात, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन, आणि बॉनेटखाली ४३० हॉर्सपॉवरचे एलएस-३ हे आधुनिक इंजिन. १९७० च्या शेव्हेलचा ४५० चा आकडा पाहून हे कमी वाटू नये. तो आकडा इंजिन गाडीबाहेर ठेवून, अंगावरचे ओझे उतरवून मोजलेला होता. सुधारलेली गाडी खरोखर चांगली चालते. मात्र विकताना मालक बिलांची फाइल पुढे करतो. फाइलीची बेरीज ही त्याच्या हौसेची किंमत असते, गाडीची नव्हे. तिच्याहून बऱ्याच खाली बोलणी सुरू करण्यात काहीही उद्धटपणा नाही.

निवड एकाच प्रश्नावर करावी: गाडी चालवायची आहे की दाखवायची? चालवायची असेल तर जिचे मूळ इंजिन आधीच गेले आहे अशी गाडी घ्यावी, आणि हौस तिच्यावर भागवावी. कागदपत्रे पूर्ण असलेल्या गाडीला करवत लावू नये. बोल्टने बसवलेले काढता येते, कापलेला पत्रा परत येत नाही. काढलेले मूळ भाग खोक्यात जपावेत. पुढचा गिऱ्हाईक त्या खोक्याचेही पैसे देतो.

पंथ कोणताही असो, पैसे देण्यापूर्वी मागच्या चाकांवरच्या पत्र्यावरून लहान चुंबक फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे, आणि ती कोणत्याही कारखान्याने भरलेली नाही.