विद्युन्माला

आमच्या सोसायटीत संगणकातलं कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. ती २००३ साली झाली आणि तेव्हापासून कोणी तपासून पाहिलेली नाही. त्या वर्षी बिल्डिंगमधला पहिला संगणक माझ्याकडे आला. तपकीर गल्लीतून असेंबल करून आणलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क. ‘चाळीस जीबी म्हणजे साहेब, नातवंडांनाही पुरेल,’ असं दुकानदार म्हणाला होता. आज माझ्या फोनमधल्या शुभ सकाळच्या चित्रांनाच तेवढी जागा लागत असेल. शिवाय मी एमएस-सीआयटी पास आहे. प्रमाणपत्र अजून हॉलच्या भिंतीवर आहे, फक्त त्याच्यापुढे आता फ्रीज आला आहे.

तर अशा या माणसाने परवा बटण दाबलं आणि संगणक ढिम्म.

एवढी वर्षं कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या त्या पेटीचं बटण दाबायची वेळ आली ती आहेरामुळे. हिच्या हातात एक लग्नपत्रिका होती.

‘अहो, नगरच्या मामांच्या नातीचं लग्न आहे. आपल्या वास्तुशांतीला त्यांनी काय दिलं होतं?’

मला आठवेना.

‘मला आठवतंय. काही दिलं नव्हतं. पण पुरावा पाहिजे.’

पुरावा होता. २००४ साली वास्तुशांत झाल्यावर आईने मला समोर बसवून आहेराची अख्खी यादी टाइप करून घेतली होती. त्या यादीची कॉपी माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे, मी काही अगदीच गाफील माणूस नाही. ती मी ऐटीत लॅपटॉपला लावली, फाइल उघडली आणि पडद्यावर डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं यांची जत्रा भरली. हिने चष्मा लावून ती जत्रा नीट पाहिली आणि म्हणाली, ‘यात नगर कुठेय?’

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं त्यांना ही जत्रा ठाऊक असेल. तेव्हाच्या फॉन्टांची युक्ती अशी, की संगणकाला कळूच द्यायचं नाही की आपण मराठी लिहितोय. त्याच्या लेखी सगळी इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर काना-मात्रा चढवायचा. फॉन्ट काढला की अक्षरं उघडी. बरं, प्रत्येक कंपनीची चढवायची तऱ्हा वेगळी. एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात वाचता येईल तर शपथ. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे आम्ही हा संगणक घेतला तेव्हा तिला बारा वर्षं झाली होती. पण छापखाने, कचेऱ्या, वर्तमानपत्रं सगळी आपापल्या फॉन्टाला चिकटून होती, आणि मीही. रूपांतर करून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार दिसला की त्यांची भंबेरी उडते. आमच्या यादीत ‘निर्मला’ नावाच्या बायका पुष्कळ.

माझ्या त्या मराठी सॉफ्टवेअरला तर कुलूपही होतं. डोंगल नावाचा एक ठोकळा, तो मागे प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर तोंड उघडत नसे. तसलं लांबलचक पोर्ट आताच्या लॅपटॉपला शोधून सापडायचं नाही. फॉन्टही त्याच पेटीच्या पोटात. थोडक्यात, मी हौसेने, पदरचे पैसे खर्चून लिहिलेलं मराठी या पृथ्वीवर एकाच यंत्राला वाचता येतं, आणि ते यंत्र ढिम्म. यात माझी कादंबरीही आली.

कादंबरीचं जरा सांगायला हवं. मित्रमंडळींत गेली कित्येक वर्षं मी तिच्याबद्दल बोलतो. संगणक बंद पडला म्हणून ती अडकली, नाहीतर चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं म्हणणं. हे म्हणताना मी दूर कुठेतरी बघतो. बंद पडलेल्या संगणकाने मला जेवढा साहित्यिक मान मिळवून दिला, तेवढा चालू असताना कधीच दिला नव्हता. त्यामुळे तो दुरुस्त करायला बसताना माझा हात किंचित जड होता, पण हिच्या हातात पत्रिका होती.

बंगळुरूहून चिरंजीव व्हिडिओ कॉलवर म्हणाले, ‘बाबा, भंगारात द्या ना.’ मी कॉल कट केला.

पाठीमागचे चार स्क्रू काढून बाजूचा पत्रा ओढला. आत धुळीची गोधडी. ब्रशने ती झाडल्यावर मदरबोर्डवर हिरवा दिवा मिणमिणताना दिसला, म्हणजे जीव होता. तरी वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची परीक्षा घेतली. त्याचा मोठा प्लग मदरबोर्डवरून उपटायचा आणि कागदाच्या वाकवलेल्या यू-पिनने हिरवी वायर काळ्या वायरला जोडायची. पंखा फिरला तर तो निर्दोष. (एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही. वीज काढली तरी आतले कपॅसिटर ती धरून बसतात.) पंखा फिरला. मग मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांच्या टाळक्यांवरून टॉर्च फिरवला. त्या काळात सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर फुगून फुटत होते, आमचे मात्र सपाट निघाले. उरलं पुढचं बटण. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहायची आईची पद्धत होती, आणि संगणकाची पूजा ती नेमकी बटणावर करायची. ती हळद आता सिमेंट झाली होती. बटणाच्या वायरी जिथे मदरबोर्डला लागतात, तिथल्या दोन पिना मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पंखे घरघरले. हिने आतून ‘झाला?’ असं विचारलं.

झाला नव्हता. पडदा काळा, आणि पेटीतून आवाज येऊ लागला. टींऽऽ. टींऽऽ. टींऽऽ.

इथे मला वाचकांचा थोडा वेळ हवा आहे, कारण ज्या विषयात मला खरोखर गती आहे तो आता आला.

संगणक जागा झाला की आधी बायोस नावाच्या प्रोग्रामकरवी स्वतःची तब्येत तपासतो. पडद्यापर्यंत पोहोचता आलं नाही, तर जे काय दुखतंय ते आवाजात सांगतो. काही आवाज लांब, काही आखूड. याचे तक्ते असतात आणि लोक ते पाठ करतात. मला पाठ करायची गरज पडली नाही, कारण लांब आणि आखूड म्हणजे गुरू आणि लघु, आणि शाळेत वृत्तांच्या प्रश्नात माझा मार्क कधी गेला नाही. यमाताराजभानसलगा! तीन-तीन अक्षरांचे आठ गण. संगणक गणवृत्तात बोलतो, ही गोष्ट माझ्या माहितीत अजून कोणी मांडलेली नाही, आणि कुणा विद्यापीठाला रस असेल तर मी उपलब्ध आहे.

आता बघा. अवॉर्ड कंपनीचा बायोस असेल आणि एक लांब, दोन आखूड असे आवाज आले, तर डिस्प्लेचं कार्ड बिघडलं. गुरू, लघु, लघु. हा सरळसरळ भगण. एएमआयचा बायोस असेल आणि तीन आखूड आवाज आले, तर मेमरीच्या पहिल्याच ६४ केबीत घोळ. तीन लघु म्हणजे नगण. दोन्ही बायोसांची भाषा एक नाही; ही दोन घराणी आहेत. तोच लघु इकडे एक सांगतो, तिकडे दुसरं. त्यामुळे आधी घराणं ओळखायचं आणि मग चिजेवर मत द्यायचं. आपल्याकडे हे नवीन नाही. एकच आखूड आवाज मात्र अवॉर्डकडे शुभ. एक लघु, म्हणजे प्रकृती ठीक, पुढे चला. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात, चार यगणांचं, कोणत्या बिघाडाला वाजेल याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं नाही, पण असा बिघाड झालाच तर तो ऐकायला बसावंसं वाटेल.

आमचं यंत्र अवॉर्डचं. आणि वाजत काय होतं? टींऽऽ टींऽऽ टींऽऽ. लघु औषधालाही नाही. सगळे गुरू. मी कपाटातून माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ काढली. तशी गरज नव्हती, पण पुस्तक हातात असलेलं बरं दिसतं. म म ग ग. ओळीत आठच्या आठ गुरू. वृत्त विद्युन्माला! विजेवरचं यंत्र आजारी पडतं आणि विद्युन्मालेत कण्हतं, याहून मोठा योग मराठी साहित्यात कधी आला असेल असं मला वाटत नाही. मी हिला हाक मारून हे सांगितलं.

‘म्हणजे काय बिघडलंय?’

‘रॅम.’

‘मग तसं सांगा ना.’

रॅमचं औषध कंपासपेटीत असतं. पट्टी दोन्ही बाजूंचे खटके दाबून वर काढायची, तिच्या काठाचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचे, भुगा फुंकायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा, आणि पट्टी परत खाचेत बसवायची, दोन्हीकडून टक् असा आवाज येईस्तोवर. त्या सोनेरी दातांवरचा काळपट थर खोडरबरावर उतरताना डोळ्यांनी दिसतो. दुकानात याचे पैसे घेतात, आणि खोडरबर आत नेऊन वापरतात.

पुन्हा स्क्रूड्रायव्हर. आणि एक, फक्त एक, आखूड ‘टिट्’.

पडदा उजळला. सीमॉस चेकसम एरर. म्हणजे बोर्डावरची गोल बॅटरी संपली होती. तिचा नंबर २०३२. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२, हे कळल्यापासून मी ते न विचारणाऱ्यांनाही सांगतो. या बॅटरीवर घड्याळ चालतं. ती गेल्यामुळे तारीख जानेवारी २००२ दाखवत होता. म्हणजे आम्ही त्याला विकत घेण्याच्या आधीची. त्याच्या हिशेबाने त्याला आमची ओळखच नव्हती. मी एफ-१ दाबलं.

हिरवं माळरान आणि निळं आकाश आलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला २०१४ साली वाऱ्यावर सोडलं, पण माळरान होतं तसंच आहे. ही स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. मी आधी कादंबरी उघडली. शीर्षकाचं पान. अर्पणपत्रिका. ऋणनिर्देश, अडीच पानं. प्रस्तावना. मग ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’, चार पानं. मग प्रकरण पहिलं, सव्वा पान, आणि तेही पावसाचं वर्णन.

‘यादी उघडा,’ ही म्हणाली.

यादीला चार रकाने होते. नाव, गाव, आहेर, शेरा. शेरा हा रकाना मी घातला नव्हता, आईने घालायला लावला होता. मी टाइप करत होतो तेव्हा माझं लक्ष बहुधा फॉन्टाच्या साइजकडे असावं, कारण हे सगळं मी पहिल्यांदाच वाचत होतो.

‘स्टीलचा डबा. झाकण बसत नाही.’

‘साडी. हीच साडी आपण त्यांना दिली होती.’

‘पाकीट रिकामं निघालं. घाईत विसरले असतील. विषय काढू नये.’

‘भिंतीवरचं घड्याळ. हे सहावं.’

‘एकवीस रुपये. त्यांच्या मानाने खूप आहेत.’

आम्ही दोघं हसत होतो. आई अशीच बोलायची, वाक्य तोडून, आणि टाइप करणाऱ्याने एकही शब्द मध्ये घालायचा नाही. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कशावरही रेकॉर्ड केलेला नाही, कोणाला सुचलंच नाही. फोटो आहेत. पण फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघून गप्प बसलेली असते, आणि गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती जशी होती तशी या चौथ्या रकान्यात होती, आणि तो रकाना मी अशा अक्षरांत लिहून ठेवला होता की उद्या ही पेटी गेली तर तिचेही डॉलर आणि टक्के होणार. मला एकदम त्या सगळ्या फॉन्टवाल्यांचा फार राग आला. किती घरांत किती आयांच्या कसकसल्या याद्या अशा कुलपात पडून असतील, आणि त्यांची मुलं पेट्या भंगारात देत असतील.

ही माउसचं चाक फिरवत खाली गेली. नगर आलं.

‘नगरचे मामा. सून दोन दिवस आधी आली. आहेर नाही. कडेवर पोर घेऊन दोन्ही दिवस पोळ्या लाटल्या. तिच्याकडे कार्य निघालं की हात आखडू नये.’

ते कडेवरचं पोर म्हणजे पत्रिकेतली नवरी.

हिने ते दोनदा वाचलं. ‘मी म्हटलं नव्हतं, काही दिलं नव्हतं म्हणून?’ असं ती म्हणाली, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. मग म्हणाली, ‘सोन्याचा भाव काय चाललाय बघा जरा.’ मी बघितला. तो इथे लिहीत नाही. पण आम्ही हात आखडला नाही.

यादी हिने शेऱ्यांसकट वहीत उतरवून काढली आहे, निळ्या शाईने. कादंबरी उतरवून घ्यावी असं कोणी सुचवलेलं नाही. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर चालू आहे तोवर तिच्यातलं मराठी कागदावर उतरवून घ्या. चालू होत नसेल तर आधी तिचं वृत्त ऐका, आणि विद्युन्माला असेल तर खोडरबर पांढराच वापरा, शाईचा निळा नको, तो सोनं खरवडतो.

आमचा संगणक त्या दिवसापासून चालूच आहे. बंद करायची दोघांचीही छाती होत नाही. विजेचं बिल वाढलंय.