शाल कोणाला, सतरंजी कोणाला

कर्नाटक संगीताच्या व्यवसायात आदर मोजायचे माप म्हणजे शाल. चेन्नईत ती सोनेरी जरीची असते, तिला ‘पोन्नाडै’ म्हणतात, आणि डिसेंबरातल्या मार्गळी हंगामात ती उदार हाताने पांघरली जाते. ज्याचे गाणे ऐकले त्याला मिळते, आणि ज्याने देणगी दिली पण गाणे ऐकले नाही त्यालाही मिळते. लग्नातल्या मानपानाचा नियम इथेही लागू आहे: नारळ कोणाच्या हातात आधी गेला, हे सगळ्यांच्या लक्षात राहते.

या शहरात संगीताचे मोठे दरबार मैलापूरकडे भरतात, पण त्यांना लागणारा श्रोता आणि कलाकार यांचा पुरवठा वेस्ट मांबलमसारख्या वस्त्या करतात. ‘मांबलम भगिनी’ गावाचे नाव बिरुदासारखे लावूनच गातात. आर्य गौडा रस्त्यावरच्या अयोध्या मंडपात 1954 पासून भजन, प्रवचन आणि हरिकथा चालते. हरिकथा मूळची आपल्या कीर्तनाची लेक. तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिला तमिळ वळण लावले. पुढे सी. सरस्वतीबाई नावाची ब्राह्मण बाई ती सांगायला उभी राहिली, तेव्हा पुरुष भागवतरांनी, म्हणजे कथेकऱ्यांनी, विरोध केला. कथेत सीता, द्रौपदी, शबरी चालत होत्या. सांगणारी तेवढी बाई नको होती.

व्यासपीठावर कोणी कुठे बसायचे, हे लिहिलेले नाही. तरी कोणी चुकत नाही. गायक मध्ये, व्हायोलिन एका हाताला, मृदंग दुसऱ्या हाताला, आणि घटमवाला जागा उरली तर मागे. तालवाद्यांची हक्काची वेळ म्हणजे तनी आवर्तनम. ते सुरू झाले की रसिकांच्या खुर्च्या कुरकुरू लागतात. पिशव्या उचलल्या जातात, चपला शोधल्या जातात, आणि मंडळी ‘काय लय आहे!’ असे म्हणत कॅन्टीनच्या रांगेत फिल्टर कॉफी आणि काशी हलव्यासाठी उभी राहतात. कलाकाराचा अपमान झाला असे कोणी मानत नाही, कारण हलवा संपल्यावर सगळे परत येतात.

पालघाट मणी अय्यर यांच्या तोडीचा मृदंग क्वचितच वाजला असेल. बरीच वर्षे ते स्त्रियांना साथ करत नसत. पुढे त्यांनी गायिका डी. के. पट्टम्मल यांना साथ केली, आणि त्यांची मुलगी पट्टम्मल यांची सूनही झाली. आधी साथ की आधी सोयरीक, हा प्रश्न संगीतशास्त्राच्या कक्षेत येत नाही. घटमवादक सुकन्या रामगोपाल यांची सोय मात्र सोयरिकीने झाली नाही. काही मृदंगवादक त्यांच्या शेजारी बसायला तयार नव्हते, तेव्हा त्यांनी अनेक घट मांडून ‘घट तरंग’ उभा केला.

तंजावरजवळच्या तिरुवय्यारूचा किस्सा तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीवर 1920 च्या दशकात मंदिर बांधले बंगळूर नागरत्नम्मा यांनी, स्वतःच्या कमाईतून. पण बाईने, त्यातून देवदासीने, समाधीसमोर गायचे नाही, असे उत्सव करणाऱ्या पुरुषांचे म्हणणे होते. बांधकामाच्या पैशाला सोवळे-ओवळे नव्हते. बाईंनी मग स्त्रियांचा वेगळा उत्सव भरवला, आणि 1940 च्या सुमारास दार उघडले. 1952 साली त्या गेल्या; त्यांची समाधी तिथेच आहे, मूर्तीही आहे. मूर्तीला मान द्यायला कोणाची हरकत नसते.

मृदंगाला गाय, म्हैस आणि बकरी या तिन्ही जनावरांचे कातडे लागते. ते कमावून बसवणारे कारागीर बहुतेक दलित ख्रिस्ती. त्यांच्यावर गायक टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. 2020 साली प्रकाशनाला चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेचे सभागृह ठरले होते. ऐनवेळी परवानगी मागे घेतली गेली. वाद्य आत जाते, त्याची गोष्ट बाहेर थांबते.

2018 च्या ऑक्टोबरात अनेक स्त्रियांनी गुरू आणि गायकांच्या वागण्याबद्दल तोंड उघडले. त्या डिसेंबरात चेन्नईच्या म्युझिक अकादमीने सात कलाकारांना कार्यक्रमातून वगळले. कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा. त्यात तक्रार करणारी बाई तिथली नोकर असलीच पाहिजे, असे नाही. पण संस्थांचा समज असा की कलाकार अडीच तासांपुरता पाहुणा असतो. गुरूच्या पायाशी बसून विद्या घेणारीला तक्रार-समिती माहीत करून देणे हा गुरूचा अवमान ठरतो, असाही एक समज.

2024 च्या मार्चमध्ये अकादमीने आपल्या मानाच्या संगीत कलानिधी पदवीसाठी कृष्णा यांची निवड जाहीर केली. निषेध म्हणून गायिका भगिनी रंजनी-गायत्री यांनी अकादमीच्या हंगामातून माघार घेतली, आणखी काही कलाकार मागोमाग गेले. त्यांनी अकादमीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र अध्यक्षांबरोबर सगळ्या जगाने वाचले. सौजन्य म्हणजे काय, यावर दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले, त्यातले सौजन्य मोजायला शालीचा व्यापारीच हवा.

ही पदवी मृदंगवादकाला पहिल्यांदा 1966 साली मिळाली, स्त्रीला 1968 साली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या रूपाने. मृदंग बांधणाऱ्याला ती आजवर मिळालेली नाही.