फी विचारली, तेव्हा आतून काय वाटलं?

गेले दोन महिने मला रात्री तीनला जाग येते. बायको म्हणाली, ‘‘कुणाशी तरी बोला. माझ्याशी नको.’’ म्हणून एका समुपदेशन केंद्रात फोन लावला आणि आधी फी विचारली. पलीकडे शांतता. मग मधाळ आवाज : ‘‘पैशांच्या विषयानं तुम्ही अस्वस्थ होता का? ते आपण पहिल्या सेशनमध्ये बघू या.’’

म्हणजे फी कळायला फी भरायची.

आमच्या चौकातल्या सलूनमध्ये आरशाशेजारी दरफलक आहे : दाढी, कटिंग, मालिश. दाढी करता करता अण्णा माझ्या साहेबाविषयीची सगळी गाऱ्हाणी ऐकून घेतात, त्याचा वेगळा आकार नाही. २०२१च्या नियमांनी तर महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमनाही दर दर्शनी भागात लावायला सांगितलंय. (दर्शनी म्हणजे जिन्याखाली, हे आपण समजून घ्यायचं.) समुपदेशकाकडे खाट नसते, सोफा असतो. त्यामुळे तो सुटला.

न्यू जर्सीतल्या मावसभावाचं बरं आहे. तिथे १ जानेवारी २०२२पासून विम्याविना येणाऱ्याला थेरपिस्टनं खर्चाचा लेखी अंदाज आधीच द्यायचा. बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त फुगलं तर दाद मागता येते. त्या कागदाचं नाव ‘गुड फेथ एस्टिमेट’. सद्भावनेसाठी कायदा! त्यातला वर्षभराच्या खर्चाचा आकडा वाचून त्याची झोप उडाली, पण निदान कशानं उडाली ते त्याला ठाऊक आहे.

मी त्या केंद्रात गेलो. तासाचे दीड हजार. तास पन्नास मिनिटांचा निघाला, त्यातली पंधरा फॉर्म भरण्यात गेली. अशी किती सेशन्स लागतील? ‘‘हा एक प्रवास आहे.’’ असेल, पण मीटर कुठे आहे?

हे पैसे मागितले तर विमा कंपनी म्हणाली, २०१७च्या कायद्यानं मनाचा आणि शरीराचा आजार सारखाच. तेव्हा आधी ॲडमिट व्हा. सर्दीच्या तपासणीचे तरी कुठे देतो?

शेवटी रात्री तीनला सरकारच्या टेलि-मानसला, १४४१६ वर, फोन केला. सवयीनं पहिला प्रश्न फीचाच.

‘‘मोफत आहे. बोला, काय त्रास होतोय?’’

साहेब राहिला, झोप राहिली. वीस मिनिटं मी त्या दीड हजारांबद्दलच बोलत होतो.