पुलाचं सेवापुस्तक

सरकारी नोकराला साठी आली की नारळ मिळतो. पुलांना हा नियम लागू नाही, म्हणून गोव्यात एक कर्मचारी १६३४ पासून अजून कामावर आहे. नाव पोंत द लिन्हारिश. लिन्हारिशचा काउंट असलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने मांडवीकाठच्या दलदलीतून आणि मिठागरांतून पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटरचा हा चिरेबंदी रस्ता-पूल बांधून घेतला. जुन्या गोव्याकडे, पुढे फोंडा-बेळगावकडे जाणारी वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या याच्याच पाठीवरून गेली. पालख्या गेल्या, बैलगाड्या गेल्या, पोर्तुगीजही गेले. आता मोटारी जातात. इतक्या वर्षांत म्हाताऱ्याला ना बढती, ना महागाई भत्ता.

त्याच मांडवीवर मुक्तीनंतर आपण आपला स्वतःचा पूल बांधला. १९७० साली नेहरू पूल सुरू झाला आणि मुंबई-गोवा महामार्ग नदी ओलांडून थेट पणजीत उतरला. तंत्र आधुनिक, काँक्रीट आधुनिक, भाषणंही आधुनिक. १९८६ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, पूल कोसळला. सेवाकाल : सोळा वर्षं. स्वेच्छानिवृत्तीसाठीसुद्धा वीस वर्षांची नोकरी लागते. या पठ्ठ्याने अर्जही केला नव्हता.

कारणमीमांसा वाचनीय आहे. या प्रकारच्या पुलात काँक्रीटच्या पोटातून पोलादी तारांचे जुडगे ओढून ताणलेले असतात आणि त्या ताणावर गाळा तोललेला असतो. खाऱ्या हवेने, खाऱ्या पाण्याने तारा गंजल्या. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. बाहेर रंगरंगोटी, आत गंज. (वर्णन पुलाचंच चाललं आहे, कोणी अंगाला लावून घेऊ नये.) थोडक्यात, ठपका आला समुद्रावर. मांडवीच्या मुखाशी खारं वारं वाहतं ही बातमी १९७० पर्यंत संबंधित खात्याकडे पोचलीच नसावी. तशी ती मिठागरातल्या कोणालाही ठाऊक होती, पण ती माणसं निविदा समितीवर नसतात.

आमचे एक इंजिनिअर स्नेही म्हणतात, ही तुलना अन्यायाची आहे. चिखलातला ठेंगणा दगडी बांध आणि भरती-ओहोटीच्या नदीवरचे लांब गाळे एका तराजूत घालू नयेत. मान्य. दगडात तार नसते, म्हणून ती गंजतही नाही. पण ज्या पुलाच्या पोटात गंजणारी वस्तू आहे, त्याचं पोट अधूनमधून तपासायला हवं, एवढं कळायला सोळा वर्षं कमी पडली का, या प्रश्नावर स्नेह्यांनी चहा मागवला.

पूल गेला आणि फेरीबोट पुन्हा सेवेत रुजू झाली. बेतीच्या धक्क्यावर लोखंडी फळी खाली पडायची, स्कूटरवाले गाड्या रेटत वर चढायचे, उरलेल्या जागेत ऑफिसवाले, मासळीच्या पाट्या आणि शाळेची दप्तरं. मुक्तीनंतर पूल होईपर्यंत हेच चाललं होतं. १९९२ साली नवा पूल झाला, तोवर पुन्हा हेच. पुढे त्या पुलाला जोडीदार मिळाला. २०१९ च्या जानेवारीत दोघांच्या डोक्यावरून पाच किलोमीटरचा अटल सेतू गेला. दोरखंडांचा, दिव्यांचा, सेल्फीचा. दुचाकींना मात्र त्यावर मज्जाव, आणि काही वर्षांतच खड्डे बुजवायला तो बंद ठेवायची वेळ आली. पोंत द लिन्हारिश खालच्या अंगाला बसून हे सगळं बघतो आहे.

दक्षिणेला जुवारीवरचा १९८३ चा पूल याच कुळातला. त्यावर कित्येक वर्षं अवजड गाड्यांना बंदी होती. म्हणजे महामार्ग होता, पण हलक्यांसाठी. २०२२ च्या अखेरीस शेजारी नवा पूल आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला असेल.

याच महामार्गावर महाडजवळ सावित्रीचा दगडी पूलही होता, १९२८ चा. दगड गंजत नाही या भरवशावर आपण त्याच्याकडे पाहणंही सोडलं होतं, असं मात्र म्हणता येत नाही. २०१६ च्या मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं सरकारनेच सांगितलं. २ ऑगस्टच्या रात्री पुरात तो गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. सुमारे चाळीस माणसं. इथे विनोद थांबतो. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्या वेगाचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. माणसं गेल्यावर १६५ दिवसांत जे जमतं, ते आधी का जमत नाही, याची फाइल अजून कुठल्या तरी टेबलावर असेल.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी कोनशिला असते; कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, सगळं संगमरवरात. तिच्याच शेजारी एक पत्र्याची पाटी लावा : शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, आतलं काय पाहिलं आणि पुढची कधी. खाली सही आणि हुद्दा. संगमरवर नको, पत्राच बरा. दरवर्षी बदलता येतो.